काळी चार, इयत्ता दहावी

मुलांशी माझी ओळख नावानं होत नाही, पट्टीनं होते. दिवसा पतसंस्थेत नोकरी आणि संध्याकाळी बाईंच्या गाण्याच्या क्लासात पेटीची साथ, असा माझा दोन खात्यांचा संसार आहे. नवीन मूल समोर येऊन मांडी घालतं, बाई माझ्याकडे बघतात, मी दोन-तीन सूर देऊन अंदाज घेतो आणि सांगतो, "काळी चार." झाली ओळख. पुढं ते मूल कितीही वर्षं येवो, माझ्या लेखी ते काळी चारच. मंडईत एका मुलीला मी "काय गं पांढरी चार, कसा चाललाय अभ्यास?" असं विचारलं, तर तिच्या वडिलांनी भाजीची पिशवी खाली ठेवून बाह्या सरसावल्या. मग तिनंच त्यांना पेटीच्या पट्ट्या समजावून सांगितल्या.

सांगली-मिरजेकडे गाणं शिकणाऱ्या मुलांचं कुणाला अप्रूप नाही. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांची गल्लीच आहे, त्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला भोपळा इथं येऊन तंबोरा होतो, तर इथल्या पोरानं गायला काय हरकत आहे? अप्रूप आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. ही मुलं आता दहावीच्या वर्षी गाणं शिकतात.

पूर्वी हिशेब सरळ होता. नववीचा निकाल लागला की पेटीवर चादर पडायची, तंबोऱ्याला गवसणी चढायची आणि बाईंना निरोप यायचा, "यंदा दहावी आहे, पुढच्या वर्षीपासून येईल." पुढच्या वर्षी अकरावी यायची, मग बारावी, मग नोकरी, मग लग्न. गवसणी निघायची ती थेट घर बदलताना. दहावीच्या घरात टीव्ही बंद, क्रिकेट बंद, मामाच्या लग्नाला वडील एकटेच जाऊन आहेर देऊन येणार. गाणं तर आधी बंद, कारण ते ऐकू येतं. चित्रकला ऐकू येत नाही, त्यामुळे काही घरांत ती चोरून चालायची.

मग सरकारनं एक निर्णय काढला. २०१७ पासून शास्त्रीय गायन, वादन, नृत्य वगैरेंच्या मान्यताप्राप्त परीक्षा पास झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले. अमुक परीक्षा झाल्या असतील तर इतके, तमुक झाल्या असतील तर तितके. आमच्या क्लासच्या जिन्यात तोवर दोन-तीन चपला असायच्या. त्या जूनमध्ये मला माझ्या चपला सापडेनात. बाईंनी भिंतीवरची सगळी दैवतं हलवून आणखी एक सतरंजी पसरली. हिंदुस्थानी संगीताच्या प्रसारासाठी थोर लोकांनी आयुष्यं वेचली, गावोगाव पायपीट केली, व्याख्यानं दिली. पण मंत्रालयातल्या एका कागदानं जे साधलं ते कुणाला साधलं नव्हतं. शंभर टक्केवाली मुलं दरवर्षी पेपरात झळकतात, त्यांत लातूरकडची जास्त असतात. त्या शंभरात कलेच्या आणि खेळाच्या गुणांचा हात असतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकावर एक असतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, आणि त्याच्यावर विशारद, अलंकार. गवई ह्या पायऱ्या खालून मोजतो. पालक वरून मोजतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आधीचं नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र शेवटचं; त्याच्या आधीचं एप्रिल-मेचं; असं उलटं चालत ते मुलाच्या सातवीच्या जूनपर्यंत येतात आणि तिथं उभे राहून मला विचारतात. बाईंना विचारायला भितात, म्हणून मला.

"ओ सर, एका रागाला साधारण किती दिवस धरायचे?"

"माझा यमन अजून चालू आहे."

"कधी घेतला होता?"

"पाचवीत असताना."

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आपण तो चौकातला क्लास पण बघून येऊ या." आणि खरंच गेली ती मंडळी. मला राग आला नाही. पतसंस्थेत बसणाऱ्या माणसाला मुदत ठेव कळते. मुदत विचारून पैसे ठेवणाऱ्याचं काय चुकलं?

ह्या सगळ्याची मजा अशी, की ज्यांच्या नावानं ही परीक्षांची परंपरा चालते ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आमच्याच भागातले, कुरुंदवाडचे. जन्म १८७२. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, पुस्तक वाचणं अवघड झालं, उपचारासाठी मिरजेला आणलं, तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढे गाणं शिकायला बसवलं. म्हणजे शाळा सुटली म्हणून गाणं सुरू झालं. पुढं त्यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं दरबारातून आणि कोठ्यांवरून उचलून सभ्य घरांच्या ओसरीवर आणलं. त्यांच्या मागं शिष्यांनी १९३१ साली हे मंडळ स्थापन केलं. आता त्या मंडळाच्या परीक्षेला आमच्याकडची मुलं बसतात, ती शाळेतले टक्के वाढावेत म्हणून. बुवांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते? माझा अंदाज, काही म्हणाले नसते. शिस्तीचे होते, फी वेळेवर भरली का एवढं विचारलं असतं.

दुसरे विष्णु म्हणजे भातखंडे. हे मुंबईचे, पेशानं वकील. देशभर हिंडून उस्तादांच्या पोटातल्या चिजा बाहेर काढल्या, लिहून ठेवल्या, आणि सगळ्या रागांना दहा थाटांत बसवलं. वकिलाच्या हाती गाणं गेल्यावर त्याला कलमं-पोटकलमं लागायचीच. त्यामुळे आज आमच्या क्लासात कुणालाही झोपेतून उठवा, ते सांगेल: राग भूप, थाट कल्याण, जाती औडव-औडव, वर्ज्य स्वर मध्यम आणि निषाद, वादी गंधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर. मी पेटीवाला. भूप हजारदा वाजवलाय. पण असं एका दमात सांगायची वेळ आली तर माझा संवादी नक्की अडकेल.

ह्या माहितीची एक वही असते. दोनशे पानी, खाकी कव्हर, वर 'संगीत शास्त्र' असं लिहिलेलं आणि शेजारी काढलेली वीणा, जी नेहमी बॅडमिंटनच्या रॅकेटवर जाते. ही वही गाण्यापेक्षा महत्त्वाची. आवाज बसला तर मूल क्लासला येतं, वही विसरली तर येत नाही. वरच्या परीक्षांना लेखी पेपर असतो आणि लेखी हा दहावीच्या मुलाचा प्रांत आहे. गाताना घामेघूम होणारा मुलगा लेखीचं नाव काढलं की खुलतो. त्याला पुरवणी मागायची असते.

लेखीत सगळ्यांत लाडका प्रश्न दोन विष्णूंच्या स्वरलेखन पद्धतींची तुलना करा. हा प्रश्न कागदावर निरुपद्रवी दिसतो. भातखंड्यांच्या पद्धतीत मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब देतात आणि तार सप्तकातल्या स्वरावर टिंब देतात. पलुस्करांच्या पद्धतीत मंद्र स्वराच्या वर टिंब, आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे डोक्यावर टिंब असलेला एकच 'सा' एका विष्णूचा शिष्य मान वर करून गाणार आणि दुसऱ्याचा शिष्य हनुवटी छातीला टेकवून. आमच्या बाईंकडे दोन्ही परंपरांची पुस्तकं आहेत, दोन्हींतून झेरॉक्स काढतात. एका मुलानं पान बदलल्याचं लक्षात न घेता एका चिजेची अस्थायी एका पद्धतीनं आणि अंतरा दुसऱ्या पद्धतीनं वाचला. अंतरा वर चढायच्या ऐवजी तळघरात उतरला. तबलजीनं ठेका थांबवून विचारलं, "परत यायचं आहे का, का मी घरी जाऊ?"

त्याखालोखाल चरित्रं. तानसेन, अमीर खुस्रो आणि हे दोघे विष्णु. मी एकदा बाईंच्या सराव-पेपरांचा गठ्ठा चाळला. मुलांनी सगळ्या थोर गायकांचं एकच चरित्र लिहिलं होतं. जन्म गायकांच्या वा गरीब घरात, लहानपणापासून संगीताची आवड, गुरूची सेवा, अपार कष्ट, संगीताचा प्रसार, 'त्यांच्या जाण्याने संगीत क्षेत्राची न भरून येणारी हानी झाली.' एका पोरीनं तर नावाच्या जागी मोकळी रेघ सोडून उत्तर पाठ केलं होतं, पेपरात जे येईल ते भरायचं. मी तिला विचारलं, "यात पलुस्करांचे डोळे कुठं आहेत?" ती म्हणाली, "सर, डोळे घातले तर ते तानसेनला चालणार नाही ना." मला तिच्या विचारात खोट काढता आली नाही. आज ना उद्या ही पोरगी आमच्या पतसंस्थेचे कर्जफॉर्म तयार करील आणि चांगले करील.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे घशावर.

ज्यानं कुणी आयुष्याचं वेळापत्रक आखलं, त्यानं मुलग्यांच्या बाबतीत दहावीची परीक्षा आणि आवाज फुटणं एकाच वर्षात का घातलं, हे मला कोडं आहे. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली घसरतो. घसरून एकदाचा जागेवर बसला तर प्रश्नच नव्हता. पण तो काही महिने वर-खाली हिंडत राहतो, आणि नेमका त्याच काळात मध्यमेचा अभ्यासक्रम असतो, ज्याच्यात पहिल्यांदा विलंबित ख्याल येतो, म्हणजे एकेक सूर धरून बसायचं. जो सूर मुळात त्याच्याकडे राहायला तयार नाही, तो धरून.

माझ्याकडे एक काळी चार होता. सहावीपासूनचा. काय आवाज! बारीक, स्वच्छ, तार षड्ज म्हणजे त्याला घरचा उंबरा. नववीच्या दिवाळीनंतर आला तो काळी दोनवर. मी काही बोललो नाही. स्केलचेंजर पेटी आहे, पट्ट्या सरकवल्या. संक्रांतीला काळी एक. मेमध्ये सकाळी पांढरी एक आणि संध्याकाळी काळी दोन. दहावीच्या पावसाळ्यात तर मी त्याला बाहेरच विचारायचो, "आज काय आणलंयस?" भूप गायला बसायचा. भूपात निषाद नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ. पण पंचम, धैवत करत तार षड्जाकडे निघाला की उतारावर सायकलची चेन निसटावी तसा आवाज निसटायचा, आणि खाली जाताना वाटेत निषादाला हमखास घासून जायचा. बाई म्हणायच्या, "वर्ज्य स्वर लावलास." तो काकुळतीनं म्हणायचा, "बाई, मी नाही लावला."

घरून उपाय सुरू झाले. आईचं ज्येष्ठमध, आजीची खडीसाखर, शेजारच्या काकांचं हळद-दूध आणि कुणा एका व्हिडिओतलं आल्याचं पाणी. हे सगळं एका दिवसात पोटात गेल्यावर त्याचं जे झालं त्याचा गाण्याशी संबंध नव्हता. वडील मात्र व्यवहारी. ते मला म्हणाले, "सर, आवाज काय, पुढं येईल परत. यंदा सर्टिफिकेट तेवढं येऊ दे." मी त्यांना सांगणार होतो की तो जुना आवाज परत येत नसतो, नवा येतो. पण ते गृहस्थ आमच्या पतसंस्थेचे जुने सभासद, आणि ठेवीदाराला आम्ही सहसा अशा गोष्टी सांगत नाही.

मुलींना हा त्रास नाही. त्यांना वेगळा. दहावीतल्या मुलीची पट्टी स्थिर असते पण तिला वेळ नसतो. गणिताचा क्लास, विज्ञानाचा क्लास, टेस्ट सिरीज, आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये गाणं. एकीच्या कपाटावर चिकटवलेलं वेळापत्रक मी पाहिलंय. त्यात 'बीजगणित', 'भूप', 'भूमिती' असं एकाखाली एक होतं, बहुधा अक्षरानुक्रमे. सात वीस ते सात पन्नास भूप. बिचारीनं समयाचा नियम मात्र पाळला होता, रात्रीचा पहिला प्रहरच आहे तो.

तिला क्लासला सोडायला आजी येते. दाराशी खुर्ची टाकून बसते, नातीचं होईपर्यंत हलक्या आवाजात नाट्यपदं गुणगुणते. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकत वाढलेल्या घरातली बाई. एक परीक्षा दिलेली नाही, वादी-संवादी नाही, पण सूर असा लागतो की मी पेटीचा भाता हळू करून ऐकतो. एकदा नात वही मिटून गंभीरपणे म्हणाली, "आजी, तू भैरवी म्हणतेस ना, त्यात शुद्ध रिषभ लागला. भैरवीत सगळे स्वर कोमल असतात."

आजी म्हणाली, "लागू दे. मला कुठं बोर्डाला बसायचंय?"

आणि पुढच्या ओळीत तोच रिषभ मुद्दाम दोनदा लावला.

परीक्षेचा दिवस कुठल्यातरी शाळेत असतो. बाकं एका बाजूला रचलेली, मध्ये सतरंजी, फळ्यावर आदल्या दिवशीचा काटकोन त्रिकोण न पुसलेला. परीक्षक परगावाहून आलेले. समोर मी आणि तबलजी. मी सकाळी दहा वाजता रात्रीच्या पहिल्या प्रहरात शिरतो आणि दुपारी दोनपर्यंत तिथंच असतो, कारण ओळीनं सगळे भूप गातात. विचारलेलं नसलं तरी भूप गातात. मध्ये शाळेची घंटा होते. ती पांढरी चारच्या जवळपास आहे, पण थोडी उतरलेली.

खरा कार्यक्रम बाहेर व्हरांड्यात. एक मुलगी भिंतीला टेकून विज्ञानाचं पुस्तक वाचत बसली होती, पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण. डाव्या हातात पुस्तक, आणि उजव्या हातानं मांडीवर एकतालाची टाळी-खाली. तोंडानं केप्लरचे नियम. दोन्ही तयारी एकदम. मी चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभा राहिलो आणि मात्रा मोजल्या. दुसरा नियम खालीवर संपला. तिसरा नियम लांबलचक आहे, तो दोन आवर्तनं चालला, पण शेवटचा शब्द बरोबर समेवर. तिहाई घेतली असती तर मी तिथंच दाद दिली असती.

आत गेल्यावर परीक्षकांनी तिला विचारलं, "भूप आणि देशकार, दोन्हींचे स्वर तेच. मग फरक काय?"

ती सुरू झाली. भूपाचा थाट कल्याण, देशकाराचा बिलावल. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगप्रधान, देशकार उत्तरांगप्रधान. भूप रात्री, देशकार सकाळी. श्वास न घेता.

परीक्षक खूश झाले. घड्याळ बघून म्हणाले, "आता सकाळच आहे. दाखव बरं देशकार."

ती म्हणाली, "सर, तो लेखीत आहे."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटीकडे बघितलं. तबलजीला खोकला आला. त्या माणसाला मी ओळखून आहे; त्याला खोकला हसू दाबताना येतो. तबला हातोडीनं पट्टीत मिळवला की झालं, सूर दाखवायची जबाबदारी त्याच्यावर नाही. इकडं प्रत्येक फुटक्या गळ्यामागं पट्ट्या सरकवत मी फिरायचं, आणि पालकांनी चहा आणला की पहिला कप तबलजीला. वर दर परीक्षेला तो सगळ्यांदेखत मला ऐकवतो, की १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती. "तबल्यावर कधी नव्हती हो!" हे वाक्य तो समेवर आणतो. त्याला कसं सांगायचं, की मींड निघत नाही ही पेटीची खोट खरी, पण त्या आजच्या चौदा-पंधरा वर्षांच्या गळ्यांना सूर दाखवायला पेटी नसेल, तर परीक्षक संध्याकाळच्या एसटीऐवजी दुपारचीच धरतील.

आमचा काळी चारही त्या दिवशी होता. मी मुकाट्यानं पांढरी एक लावली. तो बसला, आलाप केला, बरा केला. अंतऱ्याकडे निघाला आणि मला दिसलं की हा आता वर जाणार आणि निसटणार. परीक्षकांनाही दिसलं असावं. वयस्कर गवई होते, त्यांच्याही घशाला कधीतरी पंधरावं वर्ष लागलं असेल. ते म्हणाले, "अंतरा राहू दे. मध्य सप्तकातच चार ताना घे." त्यानं घेतल्या. जाड, नवीन, त्याला स्वतःला अनोळखी अशा आवाजात, थोड्या अडखळत पण सगळ्या सुरात. बाहेर आल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "झालं का सगळं?" तो म्हणाला, "अंतरा कॅन्सल झाला." वडिलांचा चेहरा उतरला. "मार्क कापले?"

जानेवारी लागला की क्लास ओस पडतो. प्रमाणपत्राची झेरॉक्स, तिच्यावर मुख्याध्यापकांची सही, शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव. त्या एका झेरॉक्ससाठी पालक जेवढ्या चकरा मारतात तेवढ्या मुलांनी रियाजाला मारल्या असत्या तर माझी पेटी दमली असती. मग पूर्वपरीक्षा, मग बोर्ड. ह्या दिवसांत बाई स्वतः गातात. मलाही बरं वाटतं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी नऊ-नऊ मिनिटांचं एक आवर्तन वाटावं इतक्या सावकाश त्यांनी मारवा लावला, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "अरे, हा कुठल्या परीक्षेला आहे रे?" मी म्हटलं, "आठवत नाही." "मग बरं आहे," म्हणाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

निकालानंतर पेढे येतात. बेस्ट ऑफ फाइव्हचे टक्के, अधिक गाण्याचे गुण, अधिक एखाद्या घरी चित्रकलेचे, असं सगळं मोबाइलवर दाखवतात. गाण्याचे गुण धरून किती आणि न धरता किती हेही सांगतात, आणि न धरताचा आकडा हळू आवाजात. काळी चार आला होता पेढे घेऊन. अकरावी सायन्स घेतलंय. "सर, क्लासला यायचं म्हणतोय, पण वेळ मिळेल का बघतो," म्हणाला. त्याच्या आवाजावरून मी मनातल्या मनात पट्टी लावली. काळी एक, आणि ह्या वेळी ठाम. त्याला सांगितलं नाही, उगाच चढून जायचा.

त्याच संध्याकाळी एक बाई आपल्या सातवीतल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा खिडकीतून बाहेर क्रिकेट बघत होता. त्यांनी वही काढली, उलटा हिशेब मांडला, माझ्याकडून सत्रं तपासून घेतली आणि म्हणाल्या, "सर, खरं सांगा. त्याला शाळा आहे, इंग्लिशचा क्लास आहे, पोहणं आहे. गाणं, पेटी आणि तबला, यांतलं सोपं कोणतं?"

तबलजी तेव्हा कोपऱ्यात डग्ग्याची वादी ओढत बसला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.